स्मॅशचा जोर येतो कुठून?

"मनगट मार, मनगट!" बॅडमिंटनच्या मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, की ही सूचना हटकून कानावर येते. शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवून जाळे बांधलेले असो, नाहीतर शहरातला लाकडी फरशीचा हॉल असो, स्मॅश कमजोर गेला की दोष मनगटाला दिला जातो. विद्यार्थीही मग मनगट झटकू लागतो. त्याचा फटका सुधारत नाही, उलट पुढचा हात दुखू लागतो. शेवटी सर म्हणतात, "याच्या हातात जोरच नाही." मुलगी असेल तर हे वाक्य आणखी लवकर येते.

या दोन्ही समजुती, मनगटाची आणि जोराची, नीट तपासून पाहण्यासारख्या आहेत. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही. वेग, संवेग, गतिज ऊर्जा आणि वर्तुळाकार गती एवढे माहीत असले म्हणजे पुरे.

हा खेळ तसा आपल्या घरचाच आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला नियमांत बसवले आणि काही काळ तो 'पूना' याच नावाने ओळखला जात होता. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची सेलांगूर स्पर्धा जिंकले. परदेशातले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातील अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी ही जोडी २०२३ साली दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. यातल्या सात्विकने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ कि.मी. भरला आणि तो विश्वविक्रम म्हणून नोंदवला गेला. त्याच ठिकाणी मलेशियाच्या पर्ली टानने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ४३८ कि.मी. होता. तो स्त्रियांमधला विक्रम आहे. हे दोन्ही वेग सामन्यातले नाहीत. खास मोजणीसाठी लावलेल्या व्यवस्थेत, फूल रॅकेटवरून सुटते त्या क्षणी मोजलेले आहेत. सामन्यात चांगल्या खेळाडूचा स्मॅश सुटताना ताशी ३०० कि.मी.च्या आसपास असतो. पुढच्या हिशोबासाठी आपण हाच आकडा धरू.

पाच ग्रॅमचे फूल

आपल्याकडची मुले शटलला 'फूल' म्हणतात, आणि ते नाव मला अधिक आवडते. बुचाच्या गोल बुडात बसवलेली सोळा पिसे, आणि सगळ्याचे वजन नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम. आपण ५ ग्रॅम धरू. ताशी ३०० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. आता गतिज ऊर्जा काढा: अर्धा गुणिले ०.००५ गुणिले ८३ चा वर्ग. उत्तर येते सुमारे १७ ज्यूल.

१७ ज्यूल म्हणजे किती? एक किलो साखरेची पिशवी जमिनीवरून उचलून पावणेदोन मीटर उंचीच्या फळीवर ठेवण्यासाठी एवढेच कार्य लागते. सहावीतली मुलगी हे काम सहज करते. तेव्हा जगातल्या चांगल्या खेळाडूच्या स्मॅशमध्ये फुलाला मिळणारी ऊर्जा शाळकरी मुलीच्या शरीरात केव्हाही शिल्लक असते. हातात जोर नाही हे म्हणणे इथेच लंगडे पडते. अवघड गोष्ट वेगळी आहे. साखरेची पिशवी उचलायला आपण एक सेकंद घेतो. फूल आणि रॅकेट यांचा स्पर्श मात्र सुमारे एक सहस्रांश सेकंदच टिकतो. एवढ्या वेळात ०.४२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद इतका संवेग द्यायचा, तर सरासरी बल ४०० न्यूटनच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ ४० किलो वजनाइतके. हे बल आपला स्नायू त्या क्षणी देत नाही. तेवढ्या वेळात स्नायूला काही करताच येत नाही. ते आधीच वेगात असलेले रॅकेटचे डोके देते. त्यामुळे सगळा प्रश्न एका गोष्टीवर येऊन थांबतो: स्पर्शापूर्वी रॅकेटच्या डोक्याला वेग कसा द्यायचा?

फूल रॅकेटपेक्षा फारच हलके असल्याने ते रॅकेटच्या डोक्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुटते, साधारण दीडपट. म्हणजे सेकंदाला ८३ मीटरच्या स्मॅशसाठी रॅकेटचे डोके सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास, ताशी २०० कि.मी. वेगाने आले पाहिजे. फुलाचा स्पर्श जाळीच्या मध्याऐवजी कडेला झाला तर रॅकेट हातात वळते आणि हा दीडपटीचा फायदा हातचा जातो. उत्तम खेळाडूचा आणि नवशिक्याचा फरक पुष्कळदा एवढाच असतो.

मध्ये हवा असते म्हणून

इथे थोडे आडवळण घेऊ, कारण शिक्षकांना यात वर्गासाठी एक सुंदर उदाहरण मिळेल.

रॅकेटवरून सुटल्यावर फुलाला हवेचा जो रोध होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या नियमातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो: ठरावीक अंतर कापले की फुलाचा वेग निम्मा होतो, मग सुरुवातीचा वेग कितीही असो. पिसांच्या फुलासाठी हे अंतर सुमारे सव्वातीन मीटर आहे. ताशी ३०० कि.मी. वेगाने सुटलेले फूल सव्वातीन मीटरवर ताशी १५० चे, साडेसहा मीटरवर ७५ चे आणि पावणेदहा मीटरवर ३७ चे होते. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य शिकवताना मुलांना जी अडचण येते, ती हे 'अर्ध-अंतर' आधी सांगितले तर कमी होते असा माझा अनुभव आहे.

हे अर्ध-अंतर येते कुठून? उंचावरून सोडलेले फूल काही वेळाने एकाच वेगाने, सेकंदाला सुमारे ६.८ मीटरने, पडू लागते. त्या वेगाला हवेचा रोध आणि फुलाचे वजन सारखे होतात. या वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण म्हणजे ४.७ मीटर, आणि त्याच्या ०.७ पट म्हणजे आपले सव्वातीन मीटर. पडताळा सोपा आहे. शाळेच्या सहा मीटर उंच गच्चीवरून फूल आणि खडा एकदम सोडा, खाली कोणी नाही हे पाहून. खडा १.१ सेकंदात पोहोचतो, फूल सुमारे १.३५ सेकंदात. पाव सेकंदाचा हा फरक कानाला स्पष्ट कळतो.

आता खेळाकडे परत येऊ. साडेसहा मीटरवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत हे फूल पोहोचायला सुमारे ०.१७ सेकंद लागतो. हवा नसती तर ०.०८ सेकंदातच पोहोचले असते आणि स्मॅश कोणालाच परतवता आला नसता. पण ०.१७ सेकंद तरी कुठे पुरेसा आहे? डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. तरीही चांगले खेळाडू स्मॅश परतवतात, कारण ते फूल सुटण्याची वाट पाहत बसत नाहीत. ऑस्ट्रेलियातील संशोधक ब्रूस अॅबरनेथी यांनी १९८० च्या दशकात खेळाडूंना फटक्यांच्या चित्रफिती दाखवल्या आणि त्या निरनिराळ्या क्षणी तोडून फूल कुठे जाईल ते विचारले. नवशिके रॅकेटकडे पाहून अंदाज करत होते. मुरलेल्या खेळाडूंना त्याही आधी, मारणाऱ्याच्या हाताच्या हालचालीवरून, सुगावा लागत होता. म्हणजे स्मॅशचा फटका शरीरात आधी लिहिला जातो आणि वाचणाऱ्याला तो वाचता येतो.

जाता जाता एक हिशोब. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के विरळ असते. तिथे अर्ध-अंतर सव्वातीनऐवजी सुमारे ३.८ मीटर येईल. शिखरावर कोणी जाळे बांधणार नाही हे खरे, पण उंचावरच्या आणि उष्ण गावांतल्या स्पर्धांसाठी मुद्दाम 'हळू' फुले निवडतात ती याच कारणाने. फुलांच्या डब्यावर जे वेगाचे आकडे असतात त्यांचा अर्थ हा आहे.

ताठ हाताचे गणित

समजा हात ताठ ठेवला आणि खांद्यापासून एका दांड्यासारखा फिरवला. खांद्यापासून रॅकेटच्या जाळीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोठ्या माणसात सुमारे १.२ मीटर. डोक्याला सेकंदाला ५५ मीटर वेग हवा असेल तर हा दांडा सेकंदाला सात फेऱ्यांच्या वेगाने फिरायला हवा. मुलांना हात ताठ ठेवून गोल फिरवायला सांगा आणि फेऱ्या मोजा. सेकंदाला दोन-अडीच फेऱ्या झाल्या तरी खूप. म्हणजे ताठ हाताने हवा तो वेग कधीच मिळणार नाही, मग दंड कितीही पिळदार असोत.

शेतकऱ्याने हाच प्रश्न गोफणीने सोडवला आहे. बाजरीच्या राखणीला माळ्यावर उभा असलेला माणूस गोफणीने दगड एवढा लांब फेकतो, कारण दोरीने त्याने त्रिज्या वाढवली. बॅडमिंटनमध्ये ही सोय नाही. रॅकेट ६८ से.मी. पेक्षा लांब चालत नाही. म्हणून दुसरा उपाय: एकाच सांध्यावर भार न टाकता अनेक सांध्यांचे वेग एकावर एक चढवायचे.

फटक्याआधी खेळाडू जाळ्याला पाठमोरा नव्हे, पण एक बाजू करून उभा राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे वजन उजव्या पायावर असते. पहिला जोर त्या पायाने जमिनीला मारलेल्या रेट्यातून येतो. मग कंबर वळते, तिच्यामागून धड, धडामागून खांदा. खांदा पुढे आला तरी कोपर अजून मागे असते. कोपर वर-पुढे आले तरी रॅकेट पाठीमागे लोंबत असते. प्रत्येक भाग आधीच्या भागाचा वेग जवळजवळ शिखरावर पोहोचला की निघतो. आसुडाची मूठ थांबते आणि टोक कडाडते, तसे. जड आणि मंद भागांकडून हलक्या आणि चपळ भागांकडे संवेग सरकत जातो. आसुडाची उपमा एका बाबतीत अपुरी आहे: आसुडाच्या दोरीत स्नायू नसतात, हाताच्या प्रत्येक टप्प्यावर असतात. त्यामुळे इथे संवेगाच्या जोडीला नवी ऊर्जाही मिळत राहते.

ही साखळी अकोल्याच्या मुलांना नवी नाही. भाताच्या पेंढ्या झोडताना किंवा कुदळ मारताना थोरांना त्यांनी पाहिलेले असते. कुदळ मारणारा माणूस मनगटाने मारत नाही, पायापासून मारतो, हे त्यांना सांगावे लागत नाही.

तांब्यातले पाणी

आता मुख्य मुद्दा. साखळीच्या शेवटच्या टप्प्यात, कोपर सरळ होत असताना, दोन गोष्टी घडतात. दंडाचे हाड खांद्याच्या खोबणीत स्वतःभोवती आतल्या बाजूला वळते, आणि कोपरापुढच्या हातातली दोन हाडे एकमेकांवर फिरून पंजा आतून बाहेर वळतो. उजव्या हातात तांब्या धरून अंगठ्याच्या बाजूने, डावीकडे पाणी ओता. पुढच्या हाताची ही तीच हालचाल. दंडाची हालचाल पाहायची तर कोपर काटकोनात वाकवा, पंजा डोक्याच्या बाजूला वर धरा आणि दंड जागचा न हलवता पंजा पुढे जमिनीकडे आणा. दंड जागेवरच असतो, फक्त स्वतःभोवती वळलेला असतो.

पण वळण्याने रॅकेटला वेग कसा मिळतो? त्यासाठी एक फूटपट्टी पुरे. पट्टी मुठीत अशी धरा की ती पुढच्या हाताच्या सरळ रेषेत येईल. आता तांब्या ओतल्यासारखा हात वळवा. पट्टी जागच्या जागी गरकन फिरेल, टोक कुठेही जाणार नाही. मग मनगट अंगठ्याच्या बाजूला थोडे उचलून पट्टी हाताशी कोन करून धरा आणि तेच वळण द्या. आता टोक मोठा कंस काढते. सगळे रहस्य या कोनात आहे. रॅकेट हाताशी ४० अंशांचा कोन करत असेल, तर मुठीपासून ५५ से.मी. वर असलेला जाळीचा मध्य वळणाच्या अक्षापासून सुमारे ३५ से.मी. दूर राहतो. हात सेकंदाला दहा फेऱ्यांच्या वेगाने वळला, अर्थात वळण अर्ध्या फेरीचेही नसते पण गती त्या हिशोबाची, तर त्याने डोक्याला मिळणारा वेग सेकंदाला २२ मीटर होतो. हव्या असलेल्या ५५ पैकी २२ केवळ वळण्यातून!

आणि दहा फेऱ्यांचा हा वेग काही अवास्तव नाही. बेसबॉलच्या फेकीत दंड वळण्याचा वेग सेकंदाला ९,००० अंशांपर्यंत, म्हणजे २५ फेऱ्यांच्या दराला पोहोचतो. माणसाच्या शरीरातली ही सर्वांत वेगवान हालचाल मानली जाते. २०१३ साली नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हात मागे नेताना खांद्याभोवतीच्या स्नायुबंधांत आणि कंडरांत ताणाच्या रूपाने ऊर्जा साठते आणि बेचकीच्या रबरासारखी एकदम सुटते. चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी बलवान, पण त्याच्या खांद्याची रचना अशी नाही, आणि म्हणून त्याला शाळकरी मुलाइतकाही जोराने दगड फेकता येत नाही. वळण घडवणारे स्नायू पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते: छातीचा मोठा स्नायू, पाठीचा रुंद स्नायू आणि अंसफलकाच्या आतल्या बाजूचा स्नायू. हे सगळे धडावरचे, मोठे. मनगट दुमडणारे स्नायू त्यांच्या मानाने सुतळीसारखे.

मग मनगटाचा समज इतका रुजला कसा? डोळा फसतो म्हणून. हे वळण सेकंदाच्या काही शतांश भागात पुरे होते. आपल्याला सुरुवातीची स्थिती दिसते आणि शेवटची दिसते. शेवटी तळवा बाहेर वळलेला आणि रॅकेट खाली गेलेले असते, ते मनगट दुमडल्यासारखे भासते. साध्या चित्रपटाच्या फितीत सेकंदाला २४ चित्रे असतात, दोन चित्रांत ०.०४ सेकंदाचे अंतर. नेमके वळण त्या फटीत हरवते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या बार्बरा गोविट्झ्की आणि डेव्हिड वॉडेल यांनी १९७० च्या दशकात उच्चगती कॅमेऱ्याने नामवंत खेळाडूंचे फटके टिपले. तेव्हा दिसले, की फुलाला स्पर्श होताना मनगट पुढे दुमडलेले नसतेच. मागे कललेले मनगट जेमतेम सरळ होत असते. जोर येत होता तो दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या वळण्यातून. याला चार दशके उलटून गेली, तरी मैदानावरची घोषणा बदललेली नाही.

मनगटाला काम नाही असे मात्र कोणी समजू नये. रॅकेटचा कोन तेच राखते, शेवटच्या क्षणी दिशा तेच बदलते. जाळ्याजवळचे नाजूक फटके, फसवे ड्रॉप, ही मनगटाची आणि बोटांची करामत. नाटेकरांसारख्या शैलीदार खेळाडूंच्या 'मनगटा'चे कौतुक होत असे, ते अशा फटक्यांच्या संदर्भात योग्यच होते. घोटाळा होतो तो नाजूक फटक्याचे तंत्र जोराच्या फटक्याला लावल्याने.

उलथण्याची पकड

नवशिके मूल रॅकेट हातात घेते ते स्वयंपाकघरातल्या उलथण्यासारखे, जाळी समोर करून. त्याला ते सोयीचे वाटते, कारण जाळी आधीच फुलाकडे तोंड करून असते. पण त्यामुळेच वळायला काही उरत नाही! हात वळवला तर जाळी तिरपी होऊन फूल भलतीकडे जाईल, म्हणून मूल हात वळवणे टाळते आणि नुसती चापट मारते. मग जोर कमी पडतो, सर ओरडतात, आणि मूल उरलेला एकच सांधा, मनगट, झटकू लागते. माझ्या मते शाळेतल्या बहुतेक कमजोर स्मॅशचे मूळ इथे आहे, ताकदीत नाही.

योग्य पकड हस्तांदोलनासारखी, किंवा कोयता धरल्यासारखी. या पकडीत रॅकेट डोक्यामागून वर येताना कडेने, कोयत्याच्या धारेसारखे येते. हवाही कमी अडवते. फुलाच्या अगदी जवळ आल्यावर हात वळतो आणि जाळी समोर येते. मुलांना सांगायचे ते इतकेच: धारेने आण आणि शेवटी वळव. मूठ सुरुवातीला सैल हवी. घट्ट आवळलेल्या मुठीने पुढच्या हाताचे स्नायू ताठरतात आणि वळण अडते. बोटे आवळायची ती स्पर्शाच्या क्षणी.

सुरुवात तर रॅकेटशिवायही करता येते. जुने फूल बुचाकडून धरून जाळ्यावरून जितके लांब जाईल तितके फेकायला सांगा. दगडाने कैऱ्या आणि चिंचा पाडणाऱ्या मुलांना ही फेक आधीच येते. त्यांच्या खांद्याला काही शिकवायचे नसते. ज्यांना असे फेकायची संधी कमी मिळते, आणि खेड्यात त्या बहुधा मुली असतात, त्यांना आठवडाभर नुसते फेकू द्यावे. त्यांच्या फटक्यात पडणारा फरक स्नायूंमुळे नसतो, साखळीचा क्रम बसल्यामुळे असतो.

उंचीचा प्रश्न

वेग मिळाला तरी स्मॅश खाली उतरला पाहिजे. जाळे खांबापाशी १.५५ मीटर उंच असते. जाळ्यापासून चार मीटर मागे उभ्या असलेल्या मोठ्या खेळाडूने २.६ मीटर उंचीवर फूल मारले, तर जाळ्याला घासून जाणारी सरळ रेषा पलीकडे सुमारे ५.९ मीटरवर जमिनीला टेकते. त्याने उडी मारून तेच फूल ३ मीटरवर गाठले तर ४.३ मीटरवर. उडीचा खरा फायदा वेगापेक्षा हा कोन आहे. आता पाचवीतला मुलगा घ्या. त्याचा हात आणि रॅकेट मिळून दोन मीटरपर्यंत पोहोचतात. त्याची सरळ रेषा जाळ्यापलीकडे जवळजवळ १४ मीटरवर टेकते, आणि मैदानाची ती बाजू आहे ६.७ मीटरची. हवा आणि गुरुत्व यांच्या कृपेने त्याचे फूल आत पडते, पण तोपर्यंत ते स्मॅश राहिलेले नसते. त्याने कितीही जोर केला तरी भूमिती बदलणार नाही. लहान मुलांसाठी जाळे फूटभर खाली बांधावे, किंवा त्यांना जाळ्याच्या जवळून मारू द्यावे.

उड्यांची मात्र घाई नको. उडी मारून स्मॅश मारणारा खेळाडू हवेत वळतो आणि बहुधा एकाच पायावर उतरतो. गुडघा, घोटा आणि टाचेची शीर यांवर त्या वेळी शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. टाचेची शीर तुटण्याच्या दुखापती बॅडमिंटनमध्ये नेहमी आढळतात. हॉलमधली लाकडी फरशी हा धक्का थोडा पिते. मुरुमाचे पटांगण किंवा सिमेंटचा चौथरा पीत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या चकत्या अजून कूर्चेच्या असतात, म्हणून एका बैठकीत शे-दोनशे स्मॅश मारायला लावणेही खांद्याला घातक. आणि ज्या खांद्याने एवढ्या वेगाने वळायचे, त्याला पुढच्याच क्षणी थांबायचेही असते. थांबवण्याचे काम खांद्यामागचे छोटे स्नायू करतात आणि दुखावतात ते हेच. स्मॅशनंतर हात आखडता न घेता डाव्या मांडीपर्यंत वाहू द्यायचा तो त्यांना थांबण्यासाठी जास्त अंतर मिळावे म्हणून.

मोजून पाहू

हल्ली पुष्कळ मोबाइल फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटी टिपणारा मंदगती कॅमेरा असतो. मॅकमास्टरच्या प्रयोगशाळेत ज्यासाठी महागडा कॅमेरा लागला, ते आता अकोले, राजूर किंवा कोतूळच्या शाळेत करता येते. फोन मुलाच्या बाजूला, पाच-सहा मीटर दूर, स्टुलावर स्थिर ठेवा आणि फटका टिपा. तो एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला, की कोपर आधी येते, रॅकेट मागे राहते, धार पुढे असते आणि मग जाळी वळते, हे मुलांना स्वतःच्याच फटक्यात दिसते. उलथण्याच्या पकडीचा आणि कोयत्याच्या पकडीचा फटका एकाखाली एक दाखवला तर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

वेग मोजण्यासाठी जाळे काढून टाका. फुलाच्या मार्गालगत, रॅकेटपासून एक मीटरवर पहिला बांबू आणि त्यापुढे दोन मीटरवर दुसरा. पहिल्या बांबूपासून सव्वातीन मीटरवर तिसरा आणि त्याच्यापुढे दोन मीटरवर चौथा. वारा पडलेला असताना, सकाळी, फटका शक्यतो आडवा मारायचा. पहिल्या दोन बांबूंमधले अंतर कापायला फुलाला २० चौकटी लागल्या तर वेळ झाला ०.०८३ सेकंद, आणि सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी ८६ कि.मी. एका चौकटीची चूक झाली तर उत्तरात पाच टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून निदान पाच फटक्यांची सरासरी घ्यावी. अर्ध-अंतराचा नियम खरा असेल तर तिसऱ्या-चौथ्या बांबूंमध्ये सुमारे ४० चौकटी लागायला हव्यात. हा हिशोब पिसांच्या फुलाचा आहे. शाळांतून बहुधा नायलॉनचे फूल वापरतात आणि त्याचे अर्ध-अंतर वेगळे येईल. तिसरा आणि चौथा बांबू त्यांच्यातले दोन मीटर न बदलता एकत्र मागेपुढे सरकवत, चौकटी नेमक्या दुप्पट कुठे होतात ते मुलांनाच शोधू द्यावे.